न्हाणीघराचं दार



चांदवडला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चाळीस वर्षं चालवलं, आता मुलगा बसतो आणि मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर. बिजागऱ्या, कड्या, खिळे, स्क्रू, नळाच्या तोट्या. बोलण्यासारखा हा विषय नाही असं मलाही वाटत होतं. पण दोन वर्षांपूर्वी एक शिक्षक दुकानात आले, त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं आणि विचारलं, "नाना, असं दार आपल्या चांदवडात बसेल का?"

चित्रात न्हाणीघर होतं. कोपऱ्यात शॉवर, आणि त्याला काचेचं सरकतं दार. वर स्टीलचा दांडा, दांड्यावर दोन चाकं, आणि काचेला एक चकचकीत मूठ. मी म्हणालो, "बसेल की सर." त्यांना मूठ तेवढी हवी होती, बाकीचं नाशिकचा माणूस करणार होता. मी त्यांना बसवून घेतलं आणि दुपारपर्यंत सोडलं नाही. त्या दुपारी जे बोललो ते, आणि जे बोलायचं राहिलं ते, आज सांगतो.

आधी एक गोष्ट कबूल करतो. माझ्या लहानपणी आमच्या भागात न्हाणीला दारच नसे. अंगणाच्या कोपऱ्यात एक फरशी, तीन बाजूंना कुडाची किंवा पत्र्याची भिंत, आणि चौथ्या बाजूला जुनेराचा पडदा. पुरुष मंडळी विहिरीवर किंवा उघड्यावर आंघोळ करत. बायांनी मात्र उजाडायच्या आत उरकायचं. वारा सुटला की एका हाताने तांब्या आणि दुसऱ्या हाताने पडदा. हे मला तेव्हा दिसत होतं, पण कळत नव्हतं. कळलं ते गल्ल्यावर बसायला लागल्यावर.

१९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं होतं. शरद जोशींच्या हाकेवर राज्यभरातून लाखाच्या संख्येने बाया आल्या होत्या. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. मालमत्तेत बाईचा हक्क, लक्ष्मीमुक्ती, हे शब्द पुढे त्यातूनच घरोघर गेले. जमीन किती जणींच्या नावावर झाली याचा हिशेब माझ्याकडे नाही. माझ्याकडचा हिशेब कड्यांचा. त्यानंतरच्या काही वर्षांत दुकानात एकट्या बाया येऊ लागल्या, आणि त्यांची मागणी एकच असे : "आतून लागणारी कडी द्या." कांदा विकून आलेली एक मावशी मला आठवते. नवऱ्याने न्हाणीला पत्र्याचं दार केलं होतं, पण कडी बाहेरून लावली होती, कारण काय, तर कुत्रं आत जातं! मावशीला आतली कडी हवी होती. तिने चार कड्या हाताळल्या, प्रत्येकीचा खटका कानाशी धरून ऐकला, आणि सगळ्यात जाड होती ती घेतली. पुढे २०१४ नंतर स्वच्छ भारतची शौचालयं गावोगाव झाली, त्याला लागून न्हाणीघरं झाली, तेव्हा आमच्याकडे टॉवर बोल्ट डझनाने नाही, पेटीने जात होते. पण त्या मावशीइतकी पारख करून कडी घेणारं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

सरकतं दार म्हणजे परदेशातून आलेलं काहीतरी, असं सरांना वाटत होतं. मी म्हटलं, सरकवायची कला आपल्याकडे जुनी आहे. आमच्या गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. होळकरांची टांकसाळही इथलीच, चांदोरी रुपया म्हणत त्या नाण्याला. अशा जुन्या वाड्यांचे दरवाजे पाहा. भला मोठा दरवाजा, त्याच्या पोटात छोटी दिंडी, आणि आतल्या अंगाला अडसर. अडसर म्हणजे सागाचा चौकोनी वासा. दिवसा तो भिंतीतल्या पोकळीत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून दाराच्या पाठीमागून पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत घालायचा. तेल नको, खिळा नको. वजन भिंतीवर, जोर भिंतीवर, दार नुसतं टेकलेलं. बसवणाऱ्याने ताकद लाकडात शोधली नाही, भिंतीत शोधली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सरांच्या दाराकडे येऊ.

काचेचं दार दिसायला हलकं. प्रत्यक्षात आठ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला वीस किलो भरते. अडीच फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच पल्ला धरला तर तीस किलो झाले. दहा मिलिमीटरची काच घेतली तर सदतीस-अडतीस. म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या अर्ध्याहून जास्त वजन दोन चाकांवर लटकतं, आणि ओल्या अंगाने आपण ते ढकलतो. गिऱ्हाईक मुठीची चकाकी बघतं. बघायची असतात ती चाकं. चाकाच्या जोडीला किती किलो झेपतात हे विचारा, आणि पल्ल्याच्या वजनापेक्षा बरंच जास्त झेपणारी घ्या. चाकाच्या खाली दांड्याला लागून एक छोटी चकती असते, तिच्यामुळे पल्ला उसळून दांड्यावरून उतरत नाही. फिटर घाईत असला की ती बसवायची विसरतो. खाली फरशीवर बोटभर लांबीची एक खाच असलेली गट्टी असते, तिच्यात काचेची कड धरलेली राहते. ती नसली तर पल्ला झोक्यासारखा हलतो. आणि दोन्ही टोकांना रबरी अडथळे. ते नसले तर काचेची कड भिंतीवर आपटते, आणि या काचेचा जीव तिच्या कडेत असतो.

कारण ही काच ताव दिलेली असते. टफन्ड म्हणतात ती. सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून हवेच्या झोताने एकदम गार करतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळलेला आणि आतला ताणलेला राहतो. छातीवर ती बरेच मार सोसते, पण कोपऱ्यावर चावीचा टोला बसला तरी सगळी एका क्षणात ढासळते. पडतात ते मात्र सुऱ्यासारखे तुकडे नव्हेत, साखरेच्या खड्यांसारखे बोथट दाणे. ओरखडे उठतील, पण जीव जाणार नाही. म्हणून न्हाणीघरात साधी काच कधीही लावू नका. कितीही जाड असली तरी नाही.

या काचेचा दुसरा गुण असा, की एकदा ताव दिल्यावर तिला भोक पाडता येत नाही आणि कापता येत नाही. मुठीचं भोक, चाकाचं भोक, सगळं आधी. आता माझी चूक सांगतो. सरांच्या न्हाणीघराचं माप मीच घेतलं. मोठ्या हौसेने टेप लावला, आकडे कागदावर लिहून नाशिकला धाडले. टाइल्स लागायच्या होत्या हे मला दिसत होतं, पण टाइल आणि खालचा मसाला मिळून दोन्ही भिंती आत येणार, हे डोक्यात आलं नाही. काच आली ती पाऊण इंच रुंद. सुतारकामात पाऊण इंच म्हणजे रंध्याचं काम. इथे अख्खी काच वाया. ती अजून आमच्या गोदामात भिंतीला टेकून उभी आहे. तिचे पैसे मी भरले. मुलगा अधूनमधून तिच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही.

मग मूठ. सरांना चित्रातली हवी होती, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, वीतभर उंच. दुकानात छान दिसते. पण सरकता पल्ला उघडताना शेजारच्या स्थिर काचेवरून मागे जातो. दोन काचांमध्ये जागा बोटभर. म्हणजे स्थिर काचेच्या अंगाला असलेली मूठ तिच्या कडेवर जाऊन आपटणार. अडथळा आधीच लावून ते टाळता येतं, पण मग पल्ला तीन-साडेतीन इंच कमी उघडतो. वाट मुळात बावीस इंचांची. त्यातून तीन गेले तर भरल्या अंगाच्या माणसाने आडवं होऊन आत जायचं. म्हणून अशा दाराला आतल्या अंगाला सपाट असलेली मूठ किंवा काचेतल्या गोल भोकात बसवलेलं कडं घ्यावं, बोटं घालून ओढायचं. दिसायला साधं. साबणाच्या हातालाही घसरत नाही, कारण बोट आत अडकतं. गुळगुळीत गोळा असलेली मूठ साबण लागल्यावर नुसती हातात फिरते.

धातूचं सांगतो. मूठ पितळेची की जस्ताच्या मिश्रणाची, हे मुलामा बघून कळत नाही. तळहातावर घेऊन कळतं. सारख्या आकारात पितळ ठसठशीत जड लागतं, जस्त त्यापेक्षा हलकं. जस्तावरचा मुलामा कुठे टवकारला की खालून पांढुरका फुगवटा येतो. पितळी सुटे भाग जामनगरचे, बाकीचा माल राजकोट-अलीगढकडचा, आणि पूर्वी आम्ही तो आणायला मुंबईला लोहार चाळीत नाही तर पुण्याला बोहरी आळीत जात असू. आता टेम्पो दारात येतो. स्टीलचं विचाराल तर दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल." श्रोतेहो, मीही कित्येक वर्षं हेच दाखवत होतो. ३०४ नंबरचं स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण २०२ नंबरचंही चिकटत नाही. फरक आतल्या निकेलचा. ३०४ मध्ये साधारण आठ टक्के निकेल आणि अठरा टक्के क्रोमियम, २०२ मध्ये निकेल निम्म्याच्या आसपास आणि त्याऐवजी मँगेनीज. न्हाणीघराच्या दमट हवेत २०२ वर तांबूस ठिपके लवकर येतात. चुंबकाने एवढंच कळतं, की चिकटणारं आणखी स्वस्तातलं आहे. तेव्हा बिलावर नंबर लिहून मागा. लिहून द्यायला जो काचकूच करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि चांगल्यात चांगलं स्टीलही आपणच मारतो. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. काळ्या खडकातून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. काचेवर महिनाभरात पांढरी पुटं चढतात, चाकांच्या फटीत साका बसतो, दार कुरकुरायला लागतं. मग घरातलं कोणीतरी संडासाचं अ‍ॅसिड आणतं आणि ओततं. काच स्वच्छ होते. पण त्या अ‍ॅसिडने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि मुलामा उडतो. नुसत्या वाफेनेही बिघडतं. त्यापेक्षा आंघोळ झाली की रबरी वायपरने काच वरून खाली एकदा ओढा, अर्धं मिनिट लागतं. पुटं चढलीच तर पांढरा व्हिनेगर किंवा लिंबू, आणि लगेच साधं पाणी. फक्त संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर आंबट काही सांडू देऊ नका, डाग कायमचा राहतो.

शॉवरचं मात्र मला हसू आलं. आमचा तालुका अवर्षणाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आम्ही पाहिलेली. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटं उभं राहिलात तर दोन-अडीच बादल्या. सर म्हणाले, "नाना, शॉवर शोभेला आहे हो. दार हवंय ते वडिलांसाठी. सगळं न्हाणीघर ओलं होतं, आणि ते रात्री उठून अंधारात त्याच फरशीवरून जातात."

तिथे माझं हसू थांबलं. कारण आता सांगायची गोष्ट आमच्या घरातली आहे.

२०११ चा पावसाळा. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. न्हाणीघराला आत उघडणारं दार, त्याला आतून टॉवर बोल्ट, भिंतीवर टॉवेल टांगायचा स्टीलचा दांडा. सगळं आमच्या दुकानातलं. दांडा मीच बसवला होता. टाइलला भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकली, इंचाचे स्क्रू पिळले, झालं. आईचा पाय साबणावरून गेला. तिने हाताला लागलं ते धरलं, तो दांडा. तो सबंध उपटून तिच्या हातात आला. इंचाचा स्क्रू टाइलमधून जेमतेम गिलाव्यात गेलेला. विटेपर्यंत पोचलाच नव्हता.

आम्ही बाहेर, आई आत. बोल्ट लागलेला. आणि ती पडली होती ती दारालाच पाय लागून. दार आत ढकलायचं म्हणजे तिच्यावर ढकलायचं. बिजागऱ्याही आतल्या बाजूला. शेवटी वरच्या झडपेच्या काचेच्या पट्ट्या एकेक काढल्या आणि बारा वर्षांच्या मुलाला त्या फटीतून आत उतरवलं, हाच जो आता गल्ल्यावर बसतो. त्याने बोल्ट काढला, तरी दार उघडेना. आजीचा पाय त्याने हळूहळू बाजूला घेतला तेव्हा वीतभर फट झाली. चाळीस मिनिटं गेली. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आई वॉकर घेऊन पुढे चार वर्षं हिंडली-फिरली. पण तिने न्हाणीघराला आतून पुन्हा कधी कडी लावली नाही. दार नुसतं लोटून घ्यायची आणि आंघोळ होईपर्यंत मोठ्याने अभंग म्हणायची. आत आपण आहोत हे घराला कळावं म्हणून. अभंग थांबला की माझी बायको हातातलं काम टाकून दाराशी जायची.

उपटलेला दांडा बरेच दिवस माझ्या खणात होता. टॉवेल टांगायला केलेली वस्तू टॉवेलच टांगते. पण पडणाऱ्या माणसाला ते माहीत नसतं. तो जे बाहेर आलेलं दिसेल ते धरतो : दांडा, नळ, दाराची मूठ. सरकत्या काचेची मूठ धरली तर काय होईल? ती सरकेल. आधाराला धरलेली वस्तू चाकांवर पळून जाईल. म्हणून मी सरांना म्हटलं, मूठ कुठलीही घ्या, पण मुठीच्या आधी आधाराचा दांडा घ्या. अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. त्याखालच्या नियमांत या दांड्याचं माप दिलेलं आहे. जमिनीपासून तेहेतीस ते छत्तीस इंच उंच, मुठीत मावेल असा सव्वा ते दोन इंच जाड, भिंतीपासून दीड इंच सुटा, म्हणजे बोटं जातील पण कोपर अडकणार नाही. आणि अडीचशे पौंड, म्हणजे एकशे तेरा किलोचा जोर सोसणारा. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण तो सार्वजनिक इमारतींचं बघतो. घरातलं आपणच बघायचं.

सरांच्या घराची ती भिंत चार इंची. तिच्यात गिट्टीवर भरवसा ठेवायचा नाही, हे मी शिकलो होतो. भोकं आरपार पाडली, बोल्ट पलीकडच्या खोलीत काढले, आणि तिकडून लोखंडी पट्टी लावून नट आवळले. पलीकडच्या खोलीत पट्टी दिसते. सरांच्या सौभाग्यवतींना ती आवडली नाही. तिच्यावर कॅलेंडर लावलं आहे. आता मघाचा अडसर आठवा.

न्हाणीघराच्या मुख्य दाराचा बोल्ट काढला. त्या जागी आतून फिरवायची आणि अडचणीला बाहेरून नाण्याने उघडता येणारी कडी घातली. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं. काचेच्या पल्ल्याखाली दगडी उंबरा घालायचं ठरलं होतं, तो रद्द केला, त्याऐवजी फरशीला फुटामागे पाव इंच उतार दिला. पाणी आत राहतं, पाय अडखळत नाही. दुसरी काच आली ती बरोबर बसली, कारण यावेळी टाइल्स लागल्यावर माप घेतलं, आणि वर, मध्ये, खाली असं तीनदा घेतलं. भिंत ओळंब्यात नव्हती, वर आणि खाली तीन सुतांचा फरक निघाला.

काम झाल्यावर पंधरा दिवसांनी मी चाकं तपासायला गेलो. सरांचे वडील ओट्यावर बसले होते. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. म्हणाले, "या नाना. तुमचं ते काचेचं कपाट चांगलं झालं." आत पाहिलं. शॉवरखाली प्लास्टिकचं स्टूल, शेजारी बादली आणि पितळी तांब्या. शॉवर कोरडा ठणठणीत. आधाराच्या दांड्यावर त्यांचा पंचा वाळत घातलेला होता.

मी पंचा बाजूला केला, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय वर घेतले. माझं वजन ब्याऐंशी किलो. दांडा हलला नाही. पंचा होता तसा पुन्हा घालून ठेवला आणि चाकांना तेलाचे दोन थेंब सोडून बाहेर आलो.